डबा कोणी वेगळा काढला?

(हिवाळी व्याख्यानमाला, तिसरे पुष्प. अल बर्शा, दुबई. जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात व्याख्यानमाला सुरू केली ती वसंतातली. आपली हिवाळ्यातली. अल बर्शात वैशाखात व्याख्यान ठेवलं तर वक्ता आणि एसी असे दोघेच हजर राहतील. (हशा) चालायचंच.

विषय पत्रिकेत छापलाय : ‘श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाने सांस्कृतिक सण साजरे करावेत का?’ शीर्षक माझं नाही, समितीचं. मी वसईचा, कॅथलिक, पेशाने हिशेबनीस. सत्तावीस वर्षं दुबईत लोकांची खाती वेगळी करतोय. तेव्हा आज जे सांगेन ते खातेवहीच्या अंगाने येईल, पंडितांनी सांभाळून घ्यावं.

आणि एक आधीच सांगतो, म्हणजे नंतर चहाच्या वेळी कुणी पाठीवर थाप मारून ‘तुम्ही फार उदार बुवा’ असं म्हणू नये. मी उदार नाही. रविवारचा मिस्सा मी चुकवत नाही. आता रविवार म्हणजे काय, हेही इथे आल्यावरच कळलं. २०२२च्या जानेवारीपर्यंत या देशात सुट्टी शुक्रवारी, तेव्हा रविवारची उपासना आम्ही शुक्रवारी करायचो. जबेल अलीच्या चर्चच्या आवारात शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसे. वसईला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘देवाला चालतं ना, मग झालं.’ धर्मशास्त्राचं माझं शिक्षण इथे संपतं. (हशा)

तर मूळ गोष्ट. दिवाळीतली आहे.

आमच्या मजल्यावर, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागच्या गल्लीत, शेजारी सांगलीचं एक कुटुंब. बारा वर्षं झाली, वसुबारसेच्या आसपास वहिनी स्टीलचा डबा आणून देतात. करंज्या वर, मध्ये चकल्या, तळाला बेसनाचे लाडू. लाडू तळाला का, तर करंजी मोडू नये म्हणून. हे सगळं पॅकिंगचं शास्त्र त्या दारात उभ्या राहून सांगतात. नाताळात तोच डबा आमच्याकडून भरून जातो. रिकामा डबा परत करायचा नाही, हा दोन्ही घरांचा अलिखित करार.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ शारजाहून राहायला आला होता. तो अलीकडे एका प्रार्थनागटात जातो. फार मनापासून जातो, हे मी आदराने सांगतोय. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, रागावू नकोस रे. (हशा) करंजी हातात घेतली आणि त्याने माझ्या बायकोला विचारलं, ‘वहिनी, हा प्रसाद तर नाही ना?’ बायको गप्प. त्याने करंजी बशीत ठेवली. आता ती करंजी बशीत आहे, आम्ही तिघं तिच्याकडे बघतोय. शेवटी बायकोने शेजारी फोन लावला. लाजत, आडवळणाने विचारलं. पलीकडून वहिनी म्हणाल्या, ‘अगं, तुमचा डबा मी नैवेद्याच्या आधीच वेगळा काढते. पहिल्या वर्षापासून.’

बारा वर्षं! आम्ही कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या भावाची बाजू. ती हलकी नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र तुम्हाला ठाऊक आहेच, मी नुसता पुसटसा उल्लेख करतो. करिंथच्या बाजारातलं बरंचसं मांस देवळात बळी होऊन यायचं. खावं की नाही? पौल सांगतो, ताटात येईल ते खा, चौकशी करत बसू नका. पण समोरचा आपणहून म्हणाला की हा नैवेद्य आहे, तर त्या सांगणाऱ्याखातर हात मागे घ्या. मग इ.स. २००च्या सुमाराचा कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन. तो चिडून लिहितो की सणाला दारात दिवे आणि लॉरेलच्या माळा मूर्तिपूजकांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच घरांवर जास्त दिसतात. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी धाकट्या भावाला हाच त्रास होता. (हशा)

तक्रार एवढीच, की पौल म्हणाला विचारू नका आणि आमच्या बंधूंनी विचारलं.

विचारत विचारत माणसं कुठवर जातात ते पाहा. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढलं. नवख्रिस्ती लोकांनी लग्नात पानसुपारी वाटू नये, हळद लावू नये, अंगणात तुळस लावू नये. इथवर समजू शकतो, त्यांच्या नजरेतून. पण पुढे? भात मिठाशिवाय शिजवू नये! बिनमिठाचा भात शिजवून मीठ वरून घ्यायची हिंदूंची रीत, म्हणून. मंडळी, कल्पना करा. चुलीवर भात रटरटतोय आणि बाईच्या मनात मीठ किती घालावं हा प्रश्न नाही, कधी घालावं हा आहे. शेजारणीने झाकण उचलून पाहिलं तर? मीठ नंतर घातलं म्हणून धर्म बुडाला! मी हिशेबनीस आहे, मी ऑडिट पुष्कळ पाहिलीत, पण पातेल्यात शिरलेलं ऑडिट हे एकच. आणि त्याच गोव्यात, राशोलला, १६१६ साली फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं होतं, मराठी ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. येशूची कथा सांगायला त्या इंग्रज जेझुइटाला पुराणाचा घाट चालला. एकशेवीस वर्षांनी भाताचं मीठ चाललं नाही.

आणि हे फक्त कॅथलिकांचं नाही, प्रॉटेस्टंट मित्रांनी इतक्या जोरात माना हलवू नयेत. (हशा) १६५९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. नाताळ! का, तर बायबलात तारीख नाही. खरंच नाही. त्याच प्युरिटन परंपरेतल्या मंडळींचे मिशनरी १८१३ला मुंबईत उतरले, पुढे अहमदनगरला गेले. त्या नगरच्या मातीत कवी नारायण वामन टिळक ख्रिस्तावर कीर्तनं करू लागले. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तुम्हाला मी सांगायला नको.

आता माझा मुद्दा. समितीने ‘सांस्कृतिक’ हा शब्द वापरलाय, तो मला टोचतो. दिवाळी ‘नुसती सांस्कृतिक’ आहे असं आपण म्हणतो ते आपल्याला करंजी खाता यावी म्हणून. म्हणजे आपल्या सोयीसाठी वहिनींच्या घरातला देव आपणच बाहेर काढतो. त्यांची लक्ष्मी त्यांना खरी आहे. तिच्या पूजेला मी बसत नाही, आणि त्यांनी मला बसायला सांगितलेलंही नाही. सणात दोन खाती असतात. एक देवाचं. दुसरं भाषेचं, आणि हे दुसरं माझं आहे, जन्माने, वसईच्या बोलीसकट! ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यात कुठला देव आहे? सूर्य मकरेत शिरतो, तो माझ्यासाठी शिरायचा थांबतो का? ‘गोड बोला’ हे अरबीत नाही, इंग्रजीत नाही, मल्याळीत नाही—

(सभागृहातून : ‘मल्याळ्यांचा ओणम आहे!’)

आहे, आहे. ओणमवर माझी चार पानं आहेत. केरळचे ख्रिस्ती सद्या, म्हणजे ओणमची मेजवानी, कशी जेवतात... अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ उलट्या बाजूला काय? ‘तीन.’ (हशा) नऊ वाजता इथे कुणाचा तरी वाढदिवस आहे, फुगेवाले बाहेर ताटकळलेत. ओणम राहिला. दोन डिसेंबरचा इथला राष्ट्रीय दिवसही राहिला. तो बहुतेक वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळात येतो आणि त्या दिवशी आमच्या बाल्कनीत एकीकडे झेंडा, दुसरीकडे नाताळचा तारा असतो. एकाही फादरने मला टोकलेलं नाही.

एकच शेवटचं. देवाचं आणि भाषेचं खातं वेगळं करायला रोमला वर्षानुवर्षं वाद घालावे लागले. आमच्या वहिनींनी ते ओट्याजवळ उभं राहून, दोन डबे घेऊन केलं. आणि नोंद कुठेच ठेवली नाही. हिशेबनीस म्हणून मला हे सहन होत नाही. (टाळ्या)

हळदीकुंकवाचं कुणीतरी मघाशी विचारत होतं. माझी बायको जाते. वाण घेऊन येते, गेल्या वर्षी चहाची गाळणी मिळाली, अजून तीच वापरतोय. कपाळ पुढे करते की नाही हे मी विचारलेलं नाही. पौलाची आज्ञा आहे. (हशा)

तिसऱ्या रांगेतून हात वर झालाय. अध्यक्ष म्हणतात, प्रश्नोत्तरं नाहीत. मग बाहेर भेटू रे, दाराशी टेबलावर तिळगुळाचा डबा ठेवलाय तिथे. वहिनींनीच आणलाय. या वेळी त्यांना फोन लावू नकोस, त्या तुझ्या मागच्याच रांगेत बसल्यात.