रक्ताची साक्ष आणि वैद्याचा निवाडा

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे आयुष्य काढलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांची कल्पना करावी. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा हा कारागीर आता घरचा रस्ता चुकतो. दुकानात एकदा दिलेले पैसे पुन्हा देऊ पाहतो. रक्ताच्या चाचणीने अल्झायमर ओळखता येतो, असे मुलाच्या कानावर आले आहे. त्या चाचणीचा कागद ‘आहे’ म्हणाला, तर वडिलांची सही, बँकेचा व्यवहार, घरातील त्यांचा शब्द, सारेच बदलणार. तेव्हा त्या कागदावर किती विसंबावे, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही.

या रोगात मेंदूमध्ये दोन प्रथिने साचतात. अमायलॉइड पेशींच्या बाहेर साचते आणि टाऊ पेशींच्या आत गुंता करते. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ही चिन्हे वर्णिली, ती रुग्णेच्या मृत्यूनंतर मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. जिवंत माणसात त्यांचा माग काढायचा, तर पुढे पाठीच्या कण्यातील द्रव काढावा लागे किंवा खर्चिक पेट स्कॅन करावा लागे. आता या प्रथिनांचे अत्यल्प अंश रक्तातही मोजता येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा एका चाचणीस मान्यता दिली. त्यासाठी ४९९ नमुने तपासले होते. चाचणीने ‘आहे’ म्हटलेल्या शंभरांपैकी सुमारे ९२ जणांत अमायलॉइड खरोखर आढळले, आणि ‘नाही’ म्हटलेल्या शंभरांपैकी सुमारे ९७ जणांत ते नव्हते. परंतु शंभरात वीसपेक्षा थोड्या कमी जणांबाबत चाचणीने ‘सांगता येत नाही’ असेच उत्तर दिले.

आकडे उत्तम आहेत. परंतु ते कोणाचे, हे आधी पाहिले पाहिजे. ही चाचणी ज्यांची स्मृती ढळू लागली आहे, अशा पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे. हे बंधन का, ते साध्या हिशेबाने कळते. रोग असलेल्या शंभरांपैकी नव्वदांना ओळखणारी आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी नव्वदांना निर्दोष ठरवणारी एखादी चाचणी घ्या. स्मृतीच्या तक्रारी घेऊन आलेल्या हजारांपैकी पाचशेंना रोग असेल, तर ४५० खरे आणि ५० खोटे होकार मिळतील. म्हणजे दहांतील नऊ होकार खरे. तीच चाचणी वाटेल त्या हजार वृद्धांवर केली आणि त्यांतील सत्तरांनाच रोग असला, तर खरे होकार ६३ आणि खोटे ९३. चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच. पण होकारांपैकी निम्म्याहून अधिक चुकीचे! शिवाय अमायलॉइड साचूनही कित्येक वृद्धांची स्मृती वर्षानुवर्षे शाबूत राहते. प्रथिन सापडणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे.

दुसरी अडचण नमुन्याची. अमायलॉइड नळीच्या भिंतीला चिकटते, म्हणून नळी कोणत्या पदार्थाची आहे यालाही महत्त्व येते. रक्त वेळेवर वेगळे केले नाही, थंड ठेवले नाही, तर आकडा बदलू शकतो. मे महिन्याच्या उन्हात जबलपुराहून दूरच्या महानगरातील प्रयोगशाळेकडे निघालेल्या नमुन्याची वाटेतील काळजी ही यंत्राइतकीच मोलाची. तिसरी अडचण शरीराची. मूत्रपिंडे नीट काम करीत नसतील, तर रक्तातील टाऊ मेंदूचा दोष नसतानाही वाढलेले दिसते. शिवाय अशा चाचण्यांच्या मर्यादारेषा बहुतांशी पाश्चात्त्य रुग्णांवरून आखलेल्या आहेत. त्या आपल्याकडील वृद्धांवर पडताळून घेणे अगत्याचे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे.

म्हणून चाचणी टाकाऊ ठरते, असे मात्र नव्हे. स्वीडनमध्ये बाराशेंवर रुग्णांवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सामान्य डॉक्टरांचे अल्झायमरविषयीचे निदान शंभरांत ६१ वेळा, तज्ज्ञांचे ७३ वेळा, तर रक्तचाचणीचे सुमारे ९१ वेळा बरोबर ठरले. केवळ अनुभवावर विसंबणेही धोक्याचेच.

तात्पर्य, क्रम चुकू नये. आधी रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलणे. मग स्मृतीची तपासणी. मग ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, औषधांचा परिणाम, मनाचे औदासीन्य ही उपचारसाध्य कारणे शोधणे. आणि तरीही संशय उरला, तर प्रथिनांची चाचणी. उत्तर मधल्या पट्ट्यात आले, तर पुढची तपासणी.

रिछाईच्या त्या कारागिराने आयुष्यभर माल मोजण्याआधी गेज तपासला. गेज बिघडला असेल तर चांगला मालही भंगारात जातो, हे तो जाणत होता. त्याच्या मुलाने कागद हाती येताच वडिलांकडून किल्ल्या मागू नयेत. तो कागद घेऊन वडिलांसह डॉक्टरांपुढे बसावे, आणि या आकड्याची परीक्षा कशी झाली, हे आधी विचारावे.