केसपेपरवरचा रिकामा रकाना



कारखान्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. 

अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. 1948 चा कारखाने अधिनियम, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली त्यात झालेल्या दुरुस्त्या आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची 2020 ची नवी संहिता यांवर सकाळपासून भरपूर बोलून झालं. मालक, ठेकेदार, निरीक्षक, सगळ्यांची झाडाझडती झाली. डॉक्टरवर कायद्यानं काय जबाबदारी टाकली आहे, हे मात्र एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. म्हणून आढावा बाजूला ठेवतो.

अधिनियमाचं 89 वं कलम आपल्यापैकी किती जणांनी मुळातून वाचलंय? तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी आहे. धुळीमुळे फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजामुळे येणारा बहिरेपणा, सगळे त्यात आहेत. यातला आजार झालेला कामगार आढळला तर कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवायचं. रुग्णाचं नाव-पत्ता, आजार, कारखान्याचं नाव-पत्ता, एवढंच. कळवण्याचं कर्तव्य व्यवस्थापनाचं आहे, तसंच त्या कामगाराला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचंही आहे. मग तो कंपनीचा असो, सरकारी असो की गल्लीतला. 1948 च्या अधिनियमात न कळवणाऱ्या डॉक्टरला हजार रुपयांपर्यंत दंड होता. नव्या संहितेतही हे कर्तव्य कायम ठेवलंय.

आणि आपण कळवत नाही. मशीनमध्ये बोट गेलं की रक्त सांडतं, शिफ्ट थांबते, नोंद करावीच लागते. फुप्फुसात वर्षानुवर्षं साचलेली धूळ मात्र आपण लिहिल्याशिवाय कागदावर येत नाही.

कळवण्यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. सीटी स्कॅनशिवाय खात्री कशी द्यायची, हा पहिला. कंपनीकडून मानधन घेणाऱ्या डॉक्टरनं कंपनीविरुद्ध कसं लिहायचं, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, आणि ते म्हणजे एका रुग्णाची हकिगत.

इथल्याच कोल्हापूरच्या पट्ट्यातल्या एका फौंड्रीत तो फेटलिंगला होता. कास्टिंगला चिकटून राहिलेली जळकी वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, नाकाला रुमाल बांधून. डोळ्यांना दिसते त्या धुळीचा बराच भाग नाकाघशात अडकतो. पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांत जाऊन बसतात, आणि त्यांच्यापुढे रुमालाचा काय पाड! माझ्याकडे आला तेव्हा जिना चढताना तो दोनदा थांबला होता. पिशवीत जुन्या एक्स-रेंची भेंडोळी होती. क्षयाचे औषधोपचार दोन वेळा पूर्ण झालेले, थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. प्रत्येक केसपेपर मी उलटून पाहिला. व्यवसायाच्या रकान्यात एकावर ‘मजुरी’ लिहिलं होतं, बाकीच्यांवर तो रकाना कोराच होता. सगळ्या फिल्म सालाप्रमाणे प्रकाशपेटीवर लावल्या, तर वरच्या भागातल्या बारीक गोल गाठी दर फिल्मला वाढत गेलेल्या दिसल्या. इतक्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. तू काम काय करतोस, हे कोणी विचारलं नाही. इटालियन वैद्य रामाझिनींनी 1700 साली वैद्यांना हाच प्रश्न विचारायला सांगितलं होतं!

मी त्याच दिवशी सिलिकोसिस कळवणारं पत्र मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला लिहिलं. सीटीसाठी थांबलो नाही, कारण कायदा खात्री मागत नाही. हा आजार असावा असं डॉक्टरला वाटणं पुरेसं आहे. शहानिशा करणं कार्यालयाचं काम आहे. त्या फौंड्रीचा भेट देणारा डॉक्टरही मीच होतो. व्यवस्थापकांचा फोन आला, ‘डॉक्टर, तो ठेकेदाराचा माणूस, आणि आता कामावरही नाही.’ कायदा पूर्वी काम केलेल्यालाही धरतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं. पुढल्या महिन्यापासून त्यांनी मला बोलावणं बंद केलं. माझी एक नेमणूक गेली, बाकी काही बिघडलं नाही. तो माणूस मात्र चाळिशीतच गेला. सिलिकोसिसला औषध नाही, आणि धुळीचं काम सुटलं तरी आजार वाढत राहू शकतो.

हा एकट्याचा प्रश्न नाही. गुजरातमधल्या गोध्र्याच्या क्वार्ट्झ कारखान्यांत काम करून याच आजारानं मरण पावलेल्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी मजुरांच्या कुटुंबांना भरपाई मिळावी म्हणून प्रकरण मानवी हक्क आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं. राजस्थाननं 2019 साली धुळीच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. ही धडपड संघटनांनी, विधवांनी केली. त्यात आपण डॉक्टर कितीसे होतो? या प्रश्नानं मला आजही झोप लागत नाही, आणि तो तुमच्यापुढे मांडण्यासाठी मी या व्यासपीठाची फार वर्षं वाट पाहिली.

संघटनेनं काय करावं, हे थोडक्यात सांगतो. हे आजार कळवण्याच्या पत्राचा मराठी नमुना छापून प्रत्येक सभासदाला द्यावा. जुन्या फिल्म एकत्र बसून वाचण्यासाठी एखादा गट असावा. कळवल्यामुळे ज्याची नेमणूक जाईल त्याच्या पाठीशी उभं राहण्याची काही व्यवस्था हवी. तिचं स्वरूप कार्यकारिणीनं ठरवावं. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना कोरा सोडणार नाही, असा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो, त्यांनी चहाच्या टेबलावर नव्हे, सभेत उभं राहून विरोध करावा. उत्तर द्यायला मी तिथे असेन.