मालकाच्या नावावर वाढणारी मेमरी



डेल्फीत लिहिलेला प्रोग्रॅम दुकानाच्या काउंटरवर वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो, कारण संध्याकाळी तो बंद होतो आणि त्याने घेतलेली सगळी मेमरी विंडोज परत ताब्यात घेते. तोच कोड सर्व्हरवर सर्व्हिस म्हणून बसवला की संध्याकाळ येतच नाही. ३२ बिटांच्या प्रोसेसला विंडोज साधारणपणे २ जीबीपर्यंत जागा देते. ती भरत आली की क्वेरी अडखळतात, मग 'आउट ऑफ मेमरी' येते. पहाटे आपोआप रीस्टार्ट लावणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. त्याने दिवस निघतो, पण न सोडलेल्या मेमरीचा लीक जागेवरच राहतो.

बोरलँडने १९९५ साली डेल्फी आणले तेव्हापासून कंपोनंटला ओनर, म्हणजे मालक, देता येतो. फॉर्मवर ठेवलेल्या क्वेरीचा मालक फॉर्म असतो. फॉर्म नष्ट झाला की क्वेरीही जाते. ही सोय उत्तमच आहे. मात्र तीच क्वेरी एखाद्या फंक्शनमध्ये तयार केली, ओनर म्हणून 'ॲप्लिकेशन' दिला आणि 'फ्री' लिहायचे राहिले, तर फंक्शन जितक्या वेळा चालेल तितक्या क्वेरी साचतात. त्यातली एखादी उघडीच राहिली असेल, तर तिने आणलेल्या ओळींचे बफरही तिच्याबरोबर अडकून पडतात.

डेल्फी २००६ पासून फास्टएमएम हा मेमरी मॅनेजर डेल्फीतच मिळतो. 'रिपोर्टमेमरीलीक्सऑनशटडाउन' ट्रू केले की प्रोग्रॅम बंद होताना न सोडलेल्या ऑब्जेक्टची यादी समोर येते. पण वरच्या क्वेरी त्या यादीत येत नाहीत. प्रोग्रॅम नीट बंद होताना ॲप्लिकेशन आपल्या नावावरचे सगळे कंपोनंट सोडून देतो. दिवसभर मेमरी चढत असते आणि रिपोर्ट कोरा निघतो! तो पाहून लीक नाही असे जाहीर करणे, ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

म्हणून मोजमाप चालत्या प्रोग्रॅमवरच व्हायला हवे. मालकाचा 'कंपोनंटकाउंट' ठरावीक वेळाने लॉगमध्ये लिहिला, आणि तो दर विनंतीबरोबर वाढताना दिसला, तर शोध अर्ध्यावर आलाच. दुरुस्ती साधी आहे: ओनर 'निल' द्यायचा, क्वेरी तयार झाल्याबरोबर 'ट्राय' सुरू करायचा आणि 'फायनली'त 'फ्री'. 'फायनली' टाळून शेवटच्या ओळीत 'फ्री' लिहिणाऱ्याचा कोड चाचणीत पास होतो. पण नेटवर्क तुटले किंवा टेबल लॉक झाले की एक्सेप्शन ती ओळ ओलांडून जाते.

काही वाढ मात्र नियमानुसारच होत असते. 'क्लायंटडेटासेट' मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. तो फक्त तात्पुरते टेबल म्हणून वापरात असेल आणि 'लॉगचेंजेस' फॉल्स केले नसेल, तर नोंदी साचत जातात. शिवाय फास्टएमएम सुटलेली सगळी मेमरी लगेच विंडोजला परत देत नाही. काही पुढच्या वापरासाठी राखून ठेवतो. टास्क मॅनेजरमधला आकडा खाली आला नाही एवढ्यावरून निकाल देता येत नाही. ज्या कामावर संशय आहे तेच शेकडो वेळा करून पाहावे. आकडा काही काळ चढून स्थिरावला तर तो राखीव साठा असण्याची शक्यता जास्त. थांबतच नसेल तर फास्टएमएमच्या पूर्ण आवृत्तीतला फुलडीबगमोड लावावा. न सुटलेला ब्लॉक कोणत्या कोडने मागितला, त्याचा माग तो देतो.

डेटाबेसच्या क्लायंट डीएलएलने स्वतः घेतलेली मेमरी तर फास्टएमएमला दिसतच नाही. कनेक्शन उघडेच ठेवून क्वेरी चालवायच्या आणि मग दर वेळी कनेक्शन तोडून चालवायच्या, अशा दोन फेऱ्यांतला फरक इथे उपयोगी पडतो. पण हे सगळे अंदाजाने का शोधावे लागावे? 'क्लोज' केल्यावर काय सुटते, तयार केलेले स्टेटमेंट केव्हा सुटते आणि 'फ्री' होईपर्यंत काय धरून ठेवले जाते, हे कंपोनंट बनवणाऱ्यांनी मदतपुस्तिकेत प्रत्येक डेटासेटसाठी लिहावे, ही या व्यासपीठावरून त्यांना आग्रहाची विनंती आहे.