मागे काय आहे, ते आधी बघा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘तुझे ते पक्षी’. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी मी एक पक्षी सोडतो आणि तुम्ही सगळे मला अंगठा दाखवता. आज तोंडी बोलायची संधी मिळाली आहे, तर सोडत नाही.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “कॅमेरा कोणता?” खरं सांगू? उडत्या पक्ष्याचा फोटो साधतो की फसतो, हे बऱ्याच वेळा कॅमेऱ्यापेक्षा पक्ष्याच्या मागे काय आहे, यावर ठरतं. आपल्या चित्रकलेच्या सरांनी हे एलिमेंटरीच्या वर्गातच सांगितलं होतं. पांढरी बशी पांढऱ्या कागदावर उठून दिसत नाही, मागे छाया दे, म्हणायचे. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. चौकटीतला एकूण उजेड बघून तो फोटो किती उजळ ठेवायचा ते ठरवतो. मागे लख्ख आकाश असलं, की तो सगळंच काळवंडवतो आणि घारीचा नुसता काळा आकार उरतो. मागे गर्द झाडी असली, की तो सगळंच उजळवतो आणि बगळ्याची पिसं चुन्यासारखी सपाट पांढरी होतात. म्हणून आकाशासमोर एक्स्पोजर थोडं वाढवायचं, झाडीसमोर पांढऱ्या पक्ष्यासाठी थोडं कमी करायचं. आणि पक्षी येण्याआधी हे करून ठेवायचं, कारण तो थांबत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. उजनी धरणाचं मागे पसरलेलं पाणी तिथपर्यंत येतं. हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. कुरव असतात, सुरय असतात, चित्रबलाक असतात. होडीत आपण पाण्याच्या अगदी जवळ बसलेले असतो. रोहित उडताना आधी पाण्यावर धावत चार पावलं टाकतो, तेव्हा त्याच्या मागे पाणी असतं. जरा वर आला, की मागे पलीकडच्या काठाची झुडपं येतात. आणखी वर गेला, की आकाश. पक्षी तोच, पण फोटो तीन. पंख उघडल्यावर दिसणारा गुलाबी आणि काळा रंग पांढुरक्या आकाशात फिका पडतो. सकाळचं कोवळं ऊन आणि मागे काठाची गडद पट्टी असेल, तर तोच रंग खुलून येतो. ती पट्टी पक्ष्यापासून जितकी लांब, तितकी ती मऊ, धूसर होते. पक्षी वेताला खेटून उडाला, तर फोकस पक्ष्याला सोडून वेतालाच धरून बसतो.

म्हणून आधी मागची बाजू निवडायची, मग पक्ष्याची वाट बघायची. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. ऊन आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी ठेवले, तर पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो आणि उजेड त्याच्या अंगावर पडतो. शटर एक सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवा. बाकीचं काम संयमाचं.

संयम नसेल तर काय होतं, तेही सांगतो. काही जण होडीवाल्याला म्हणतात, “जरा जवळ घ्या, थवा उडवा.” रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून, चिखल-पाणी गाळून बारीकसारीक जीव खातो. आपण एकदा उडवलं, की त्याचं खाणं मोडतं आणि अंगातली शक्ती फुकट जाते. पाठोपाठ दहा होड्या आल्या, तर दहादा. असा पळणारा थवा बहुधा आपल्याकडे पाठ करूनच जातो. म्हणजे फोटोही गेला आणि पक्ष्याची न्याहारीही.

आता जरा मुंबईकडे येऊ. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या फोटोंत रोहितांच्या मागे इमारती येतात, विजेचे मनोरे येतात, तारा येतात. हल्ली मोबाइलवर बोट फिरवलं, की तारा पुसता येतात. फोटो देखणा होतो, हे मान्य. पण पक्ष्याच्या वाटेतल्या तारा काही पुसल्या जात नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून सुमारे ४० रोहित मेले. त्यांचं आकाश किती गजबजलेलं आहे, हे स्वच्छ निळ्या फोटोतून कुणाला कळणार?

म्हणून मी दोन प्रकारचे फोटो काढतो. एक भिंतीवर लावायला, स्वच्छ मागची बाजू निवडून. दुसरा नोंदीसाठी, मागे जे आहे ते तसंच ठेवून. उद्या खाडीत भराव पडला किंवा काठची झुडपं गेली, तर इथे काय होतं, हे दुसऱ्या फोटोतूनच समजेल. तुम्हीही मोबाइलवर काढत असाल, तर एवढं करा. पुसलेला फोटो पाठवा, पण न पुसलेला तारखेनिशी जपून ठेवा.

थोड्याच वेळात आपला ग्रुप फोटो आहे. संयोजकांनी मोठा सुंदर फ्लेक्स लावला आहे, पण त्याने आपली जुनी इमारत पूर्ण झाकली आहे. दहावीच्या फोटोत आपण आज काय शोधतो? आपले चेहरे तर पाठ आहेत. आपण मागचा व्हरांडा बघतो, घंटा बघतो, कोणत्या खिडकीशी कोण बसायचं ते बघतो. तेव्हा एकच विनंती आहे. फ्लेक्स जरा बाजूला घ्या. मागे शाळा येऊ द्या.