लोह कमी, वय जास्त

१९५१ साली जोसेफ चेंबरलेन आणि लॉरेन्स ॲलर या दोन अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी तुला राशीतल्या एका फिकट ताऱ्याचा वर्णपट तपासला. त्याचे नाव रुक्ष आहे: एचडी १४०२८३. सगळे तारे सूर्यासारख्याच मूलद्रव्यांचे, तेही त्याच प्रमाणात घडलेले असतात, असे त्या काळी बहुतेक जण धरून चालत. या ताऱ्यात मात्र लोह आणि कॅल्शियम फारच कमी निघाले. आजच्या मोजमापानुसार त्याच्यातले लोह सूर्याच्या सुमारे अडीचशेवा हिस्सा आहे.

लोह कमी असण्याला एवढे महत्त्व का?

विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच होते. कार्बन, ऑक्सिजन, लोह हे सारे पुढे ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झाले. प्रत्येक पिढीचे तारे मरताना ही भर वायूच्या ढगांत टाकत गेले आणि पुढची पिढी त्याच ढगांतून जन्मली. म्हणून ज्याच्यात लोह अगदी कमी, तो तारा बहुधा फार जुना. त्यातही सूर्याहून थोडे लहान तारे इंधन इतक्या काटकसरीने जाळतात, की आरंभीच्या काळातले काही आजही तळपत आहेत. ज्या ढगातून ते जन्मले, त्याचे मिश्रण त्यांच्या बाहेरच्या थरात बरेचसे तसेच राहिले आहे.

हे मिश्रण ओळखायचे वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून. पण रेष ठळक दिसते की पुसट, हे ताऱ्याच्या तापमानावरही अवलंबून असते. तापमानाचा परिणाम वेगळा काढून मूलद्रव्याचे खरे प्रमाण ठरवायची वाट मेघनाद साहा यांच्या १९२० सालच्या आयनीभवन समीकरणाने मोकळी केली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीच्या सर्वेक्षणातून असा एक तारा हाती लागला, की त्याच्या वर्णपटात लोहाची रेषच सापडेना.

वय ठरवणे त्याहून अवघड. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून एचडी १४०२८३ चे वय सुमारे १४४६ कोटी वर्षे आले. विश्वाचे वय १३८० कोटी! विश्वाच्या आधी तारा जन्मणार कसा? उत्तर आकड्याच्या मर्यादेत होते, कारण त्यात ८० कोटी वर्षे इकडेतिकडे होण्याची शक्यता धरलेली होती. नंतरच्या काही गणितांनी ते वय १२०० कोटींच्या आसपास आणले. तरीही आपल्या ४६० कोटी वर्षांच्या सूर्याहून हा तारा कितीतरी थोर आहे.

मूलद्रव्यांइतकीच ताऱ्याची चालही बोलकी असते. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया यानाने २०१४ पासून ताऱ्यांची स्थाने आणि गती अपूर्व अचूकतेने मोजली. एप्रिल २०१८ मध्ये १३० कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरे आणि गती जाहीर झाली, आणि त्याच वर्षी दोन संशोधक गटांनी एक जुनी टक्कर उघडकीला आणली. नेदरलँड्सच्या अमिना हेल्मी आणि केंब्रिजचे व्हॅसिली बेलोकुरोव्ह हे त्या गटांचे अग्रणी. सूर्याच्या परिसरातले, पण आकाशगंगेला वेढणाऱ्या विरळ प्रभामंडलाचे, बरेच तारे तिच्या तबकडीबरोबर फिरतच नाहीत. लांबुळक्या कक्षांत ते केंद्राकडे धावतात आणि पुन्हा दूर जातात.

त्यांची रसायनेही निराळी. मोठे तारे लवकर फुटतात आणि मॅग्नेशियम देतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून सावकाश येतो. लहान दीर्घिकेत तारे धिम्या गतीने जन्मतात, म्हणून तिथे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम कमी पडते. या ताऱ्यांत नेमके तेच दिसले. ते परके होते. सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आकाशगंगेवर आदळून तिच्यात विरून गेली, तिचे हे तारे. त्या हरवलेल्या दीर्घिकेला गाया-एन्सेलाडस म्हणतात.

२०२४ मध्ये गायाच्याच नोंदींतून त्याहूनही जुन्या ताऱ्यांचे दोन समूह वेगळे काढले गेले. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या मॅक्स प्लँक संस्थेत काम करणाऱ्या ख्याती मल्हान आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांनी त्यांना नावे दिली शक्ती आणि शिव. त्यांतले तारे १२०० ते १३०० कोटी वर्षांचे आहेत. आकाशगंगा आकाराला येत असताना जे तुकडे एकत्र आले, त्यांपैकी हे दोन असावेत, असे या संशोधकांना वाटते.

चेंबरलेन आणि ॲलर यांचा तारा पाहायला मोठी वेधशाळा लागत नाही. तो दोनशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे तसा शेजारीच आहे. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास महाराष्ट्रातून तुला राशी दक्षिणेला चांगली वर आलेली असते. काळोख्या जागी नकाशा हाताशी घेऊन साधी दोन डोळ्यांची दुर्बीण लावली, तर तो ठिपका सापडतो. सूर्याच्या मानाने तो सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आहे. सहाव्या शतकात वराहमिहिर ग्रहगणित मांडत होते, तेव्हा आकाशातली त्याची जागा आजच्या जागेपासून जवळजवळ एका चंद्रबिंबाएवढी दूर होती.