संगणकीय सेवांची दप्तरनोंद
(पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचायतीत अर्ज दिला की आवक नोंदवहीत त्याची नोंद होते. पुढे अर्ज हरवला, तरी त्या नोंदीच्या आधारे ग्रामस्थास दाद मागता येते. गोव्यात दप्तर जतन करण्याची परंपरा जुनी आहे. येथील पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ साली झाली. तरीही बनावट दस्तऐवजांनी जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. अस्सल नोंदीचे मोल यावरून ध्यानी यावे.

आता अर्ज व उतारे संगणकावरून मिळतात. अशा सेवा पुष्कळदा ‘कंटेनर’ पद्धतीने चालविल्या जातात. २०१३ साली आलेल्या डॉकर प्रणालीमुळे ही पद्धत रूढ झाली. कंटेनर हा कामापुरत्या उभारलेल्या मांडवासारखा असतो. सेवेत सुधारणा झाली की जुना काढून नवा उभा करतात, आणि वेगळी व्यवस्था केली नसल्यास जुन्याची नोंदवहीही त्याबरोबर नष्ट होते. मग कोणी, केव्हा, कोणता फेरफार केला, हे कसे कळणार?

म्हणून प्रत्येक नोंद लिहिताक्षणीच मध्यवर्ती नोंदसेवेकडे धाडावी. यासाठीची ‘सिसलॉग’ पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केली. तीत प्रत्येक नोंदीस वेळ, उगम आणि ० ते ७ अशी श्रेणी असते. ० ही सर्वांत गंभीर होय.

कर्मचाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, नोंदीवर सेवेचे स्पष्ट नाव घालावे. एरवी डॉकर केवळ कंटेनरचा बारा अक्षरी संकेत लिहितो. दुसरी, यूडीपी मार्गाने धाडलेली नोंद वाटेत गहाळ झाली तरी कळत नाही. म्हणून टीसीपी मार्ग सांकेतिक संरक्षणासह वापरावा. मात्र त्या वेळी नोंदसेवा बंद असेल, तर डॉकरचा कंटेनर सुरूच होत नाही. यास्तव त्याच यंत्रावर नोंदी साठवून पुढे धाडणारी व्यवस्था ठेवावी. पावसाळ्यात संपर्क तुटला तरी काम अडणार नाही. तिसरी, सर्व यंत्रांची घड्याळे जुळती ठेवावीत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे जुळविणे व नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. चौथी, आधार क्रमांक वा परवलीचे शब्द नोंदीत उतरू देऊ नयेत.

शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांस समजावून द्यावा. ग्रामस्थांनी पोचक्रमांक व वेळ लिहून ठेवावी. त्यावरूनच आपल्या अर्जाची नोंद शोधता येते. नोंद शाबूत राहिली, तरच सामान्य माणसाच्या तक्रारीस पुरावा मिळेल.