विम्याचे आश्वासन आणि सामूहिक दाद

चाकण परिसरातील जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाल्या, तेव्हा अनेक शेतकरी कुटुंबांच्या हाती प्रथमच मोठी एकरकमी रक्कम आली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या कामगारासही भविष्यनिर्वाह निधी असाच एकदम मिळतो. अशा घरी येणारा एखादा विमा विक्रेता ‘ही ठेवच समजा, पैसे एकदाच भरायचे’ असे सांगतो; विमापत्रात मात्र दरवर्षीचा हप्ता निघतो.

अमेरिकेत प्रुडेन्शियल कंपनीच्या विक्रेत्यांनी काही वर्षांनंतर हप्ताच भरावा लागणार नाही, असे सांगितल्याचा आक्षेप होता. ऐंशी लाखांहून अधिक विमेदारांच्या वतीने एकत्रित दावा चालला आणि १९९७ साली न्यायालयाने तडजोड मंजूर केली. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३५ अन्वये समान हितसंबंधाचे ग्राहक जिल्हा आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने तक्रार दाखल करू शकतात. १९८६ च्या अधिनियमातही ही सोय होती.

अडचण पुराव्याची आहे. तोंडी आश्वासन घरोघर निराळे, आणि अर्जावर सही मात्र प्रत्येकाची! म्हणून विक्रेत्याने दिलेले छापील माहितीपत्रक जपून ठेवणे अगत्याचे. तेच अनेकांच्या तक्रारींना जोडणारा धागा ठरते. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ते विमापत्राशी ताडून पाहण्यास साहाय्य करावे. २०२४ च्या विनियमांनुसार विमापत्र हाती आल्यापासून तीस दिवसांत ते परत करता येते. किरकोळ वजावटीनंतर हप्ता परत मिळतो. मुदत टळल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क अर्ज करता येतो.